अनुभव धागा : कोरियन मालिका पाहता पाहता कोरियाला पोहोचलेल्यांनो, लिहा

ओसरी :
काल दिवाळीपूर्वीची आवराआवर करताना सासूबाईंच्या जुन्या बटव्यात सोलच्या मेट्रोचे टी-मनी कार्ड सापडले. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. ते कार्ड हातात घेऊन मी बराच वेळ पलंगावर बसून राहिले आणि आवराआवर अर्थातच तेथेच थांबली.

२०१७ साली त्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि सक्तीच्या विश्रांतीत त्या इतक्या कंटाळल्या, की मी लॅपटॉपवर 'दे जांग गम' ही २००३-०४ ची कोरियन मालिका लावून दिली. राजवाड्याच्या स्वयंपाकघरात वाढलेली एक मुलगी पुढे राजाची वैद्य होते, अशी ती कथा, आणि भाग एकूण ५४. उपशीर्षके इंग्रजीत असल्यामुळे मी शेजारी बसून मराठीत सांगत असे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला थांबवून विचारले, "अगं, या राणीला सगळेजण मामा का म्हणतात?" 'मामा' हे तेथे राजघराण्यातील व्यक्तींना आदराने लावायचे संबोधन आहे, हे मला शोधून काढावे लागले. तिसाव्या भागाच्या सुमारास माझ्या सांगण्याचा त्यांना अडथळा होऊ लागला. "कळतंय मला, तू भाजी बघ," असे म्हणून त्यांनी मला उठवले.

एप्रिल २०१९ मध्ये आम्ही दोघी सोलला गेलो. हानबोक हा पारंपरिक पोशाख घातला, तर ग्यंगबोकगुंग राजवाड्यात तिकीट पडत नाही, म्हणून दोघींनी तो भाड्याने घेतला. साठ वर्षांत नऊवारीच्या निऱ्यांना कोणाचा हात लागू न देणाऱ्या बाईला दोन तरुण मुली पुढून आणि मागून बंद बांधून देत होत्या, आणि त्या मुकाट उभ्या होत्या. राजवाड्याचे स्वयंपाकघर जुन्या जागी पुन्हा उभारून २०१५ मध्ये लोकांसाठी खुले झाले आहे. मला वाटले होते, की तेथे पोहोचल्यावर त्यांचे डोळे भरून येतील. त्यांनी मात्र जमिनीलगतच्या चुली पाहिल्या, ओळीने ठेवलेली मोठाली मडकी पाहिली आणि म्हणाल्या, "सगळं वाकून करायचं. म्हणजे यांचेही गुडघे गेले असणार."

तुम्हाला मालिकेने कोठवर नेले आणि तेथे काय दिसले, ते वाचायला आवडेल. प्रवास झाला नसेल, तरीही लिहावे.

खारीबिस्कीट :
मामांवरून आठवले. आमच्या घरी आजोबांना आप्पा म्हणतात आणि कोरियनमध्ये वडिलांना मारायची हाकही जवळजवळ तीच आहे. पडद्यावरच्या मुलीने टाहो फोडला, की आतल्या खोलीतून आमचे आप्पा "काय गं, काय झालं?" म्हणून ओ देत. शेवटी आम्ही आवाज कमी करून पाहू लागलो. बाकी नंतर लिहिते, कुकर लावला आहे.

ताकभात :
ओसरी, सासूबाईंचे गुडघ्यांचे वाक्य वाचून हसले आणि मग जरा वेळ गप्प बसले.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षे सुवोनला राहिलो. मालिकांमधून मला जेसा, म्हणजे पूर्वजांना नैवेद्य दाखवण्याचा विधी, आधीच माहीत झाला होता. सुना आदल्या दिवशी तव्यासमोर बसून ताटेच्या ताटे भरून तळतात, आणि सकाळी मांडलेल्या पानांपुढे नमस्कार करायला मुख्यतः पुरुष उभे राहतात. हे दृश्य मी माहेरच्या पितृपक्षात इतक्या वेळा पाहिले आहे, की उपशीर्षके वाचण्याची गरज पडली नव्हती. छुसक हा त्यांचा मोठा सण चांद्र कालगणनेने आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. २०२३ मध्ये तो २९ सप्टेंबरला होता. मी कालनिर्णय उघडले, तर त्या दिवशी आपली भाद्रपद पौर्णिमा! म्हणजे आपल्याकडे गणपती आदल्या दिवशी बोळवून पितरांचे दिवस लागत होते, आणि त्याच पौर्णिमेला तेथे शेजारची मंडळी पूर्वजांची पाने मांडून थडग्यांच्या दर्शनाला निघाली होती. दर वर्षी असे जुळत नाही. आपला आणि त्यांचा अधिक महिना वेगवेगळा पडला, की चुकते. २०२५ मध्ये छुसक थेट आपल्या कोजागरीला आला.

त्या सकाळी शेजारच्या आजींनी बशीभर सोंगप्यन आणून दिले. तांदळाचे पीठ गरम पाण्यात मळून पारी करायची, आत तीळ आणि साखरेचे सारण भरायचे, अर्धचंद्राचा आकार द्यायचा आणि पाइनच्या सुयांवर ठेवून वाफवायचे. उकडीची करंजीच ती! फक्त हळदीच्या पानाऐवजी पाइनचा वास. बशी रिकामी परत करायची नाही, हे मला आईने शिकवले होते आणि 'रिप्लाय १९८८' या मालिकेत गल्लीभर फिरणाऱ्या वाडग्यांनीही, म्हणून मी बेसनाचे लाडू दिले. संध्याकाळी बशी पुन्हा आली, या वेळी नाशपाती घेऊन. हे प्रकरण आम्ही भारतात परतेपर्यंत मिटले नाही.

पावणेदोन :
शाकाहारी माणसाने तेथे नेमके काय खावे, हे कोणी तरी स्पष्ट लिहा. मालिकेत त्या लाल रश्श्यातल्या शेवया पाहून रात्री अकराला भूक लागते.

चष्मेवाली :
पावणेदोन, जपून. मी सोलच्या क्वांगजांग बाजारात जात्यावर भिजवलेले मूग दळताना पाहिले, शेजारी मोठ्या तव्यावर धिरडी पडत होती, आणि मी आनंदाने उडी मारली. पहिल्या घासानंतर समजले, की त्यात डुकराचे मांस बारीक करून घातले आहे. किमचीही वरून निव्वळ कोबी दिसते, पण तिच्यात बहुधा माशांचा अर्क किंवा खारवलेली कोळंबी असते. बौद्ध मठांच्या पद्धतीचे जेवण मात्र निःशंक घ्यावे. त्यात कांदा आणि लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय होते.

माझा अनुभव भाषेचा आहे. टाळेबंदीत मी हंगुल लिपी शिकले. राजा सेजोंग याने १४४६ मध्ये ती प्रजेसाठी जाहीर केली. तिची मूलाक्षरे आज २४ आहेत आणि एका आठवड्यात ती वाचता येऊ लागतात. मराठी माणसाला पुढचा रस्ताही फारसा कठीण जात नाही, कारण क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि विभक्तीचे प्रत्यय नामाच्या शेवटी लागतात. पण खरी गंमत 'अहो' आणि 'अरे'ची आहे. नायिका दहा भाग नायकाशी आदरार्थी क्रियापदे वापरते आणि एका पावसाळी रात्री वाक्याच्या शेवटचे 'यो' गळून पडते. इंग्रजी उपशीर्षकात आधीही 'यू' आणि नंतरही 'यू'च. आपल्या घरात मात्र माझी आई, जिला कोरियनचे एक अक्षर येत नाही, आवाजावरून ओळखून म्हणाली, "आता अरे-तुरेवर आले वाटतं."

सोलमध्ये मी जेथे उतरले होते, तेथील मालकीणबाईंनी पाचव्या मिनिटाला माझे जन्मवर्ष विचारले. ही चौकशी नसते. समोरच्याशी कोणत्या पायरीवरून बोलायचे, ते त्याशिवाय ठरत नाही. त्यांची वय मोजण्याची जुनी रीत जन्मताच एक आणि पुढे प्रत्येक नववर्षाला एक अशी होती. जून २०२३ पासून कायद्याने ती सरकारी कामकाजातून गेली, पण बोलण्यात टिकून आहे, जसे आपण मुलाला 'सातवे लागले' म्हणतो. त्या माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान निघाल्या आणि तेव्हापासून मला 'ऑन्नी', म्हणजे ताई, म्हणू लागल्या. रोज संध्याकाळी विचारायच्या, जेवलीस का? भाताला त्यांचा शब्द कधी 'बाप' तर कधी 'पाप' असा ऐकू येतो. भाताला बाप म्हणणारी भाषा कोकणातल्या माणसाला परकी कशी वाटेल?

मुक्कामपोस्ट :
येथे सगळे भारावलेले दिसतात, म्हणून एक नवरा या नात्याने दुसरी बाजू मांडतो. 'गॉब्लिन' या २०१६ च्या मालिकेत नायक आणि नायिका समुद्रातल्या एका बांधावर गव्हासारख्या दिसणाऱ्या फुलांचा (कुट्टूची फुले, अशी दुरुस्ती सौभाग्यवतींनी शेजारून केली आहे) गुच्छ घेऊन भेटतात. तो बांध पूर्व किनाऱ्यावर गंगनंगजवळ जुमुंजिन येथे आहे. सोलहून वेगवान गाडीने सुमारे दोन तास, पुढे बस, आणि नंतर रांग. रांगेच्या तोंडाशी लाल मफलर भाड्याने मिळतो, कारण नायिकेच्या गळ्यात तो होता. वारा असा, की मफलर माझ्या तोंडावर आणि गुच्छ हिच्या डोळ्यांवर. आमच्या मागे उभ्या असलेल्या जोडप्याने छायाचित्र काढून दिले, त्यात दोघांपैकी कोणाचाही चेहरा दिसत नाही. हिने बांधाकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "एवढासाच आहे?"

नामी बेटाचे त्याहून वाईट झाले. २००२ च्या 'विंटर सोनाटा'मुळे गाजलेली ती उंच झाडांची सरळ रांग खरोखरच सुंदर आहे, परंतु आमच्या सहल कंपनीने दोन तास सांगून पन्नास मिनिटे दिली आणि त्यातली वीस नावेच्या रांगेत गेली. जाणाऱ्यांनी बेटाजवळच्या गाप्यंगपर्यंत स्वतः रेल्वेने जावे.

सोलमधल्या बुकछोन गल्लीत जुन्या कौलारू घरांपुढे छायाचित्रे काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की तेथे माणसे राहतात. आता त्या भागात पर्यटकांना सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढीच मुभा आहे आणि वेळ मोडल्यास एक लाख वॉन दंड आहे. मला हा नियम फार आवडला.

खारीबिस्कीट :
मुक्कामपोस्ट, पण तुम्ही ती मालिका पाहिली की नाही, ते लिहिले नाहीत.

मुक्कामपोस्ट :
दोनदा.

गडगा :
मी जेजू बेटावर आठ दिवस होतो. कारण अर्थातच तेथील आयाबायांच्या मालिका. विमानातून खाली पाहिले, तर शेताशेतांभोवती काळ्या दगडांचे, चुन्याशिवाय नुसते रचलेले गडगे! ज्वालामुखीचा दगड आहे, आपल्या जांभ्याचा लाल रंग नाही, पण रचणाऱ्याचा हात तोच वाटला. त्या बेटावर वारा, दगड आणि बायका या तीन गोष्टी उदंड, असे तेथे परंपरेने म्हणतात.

सोंगसानच्या कड्याखाली मी हेन्यो पाहिल्या. या बायका प्राणवायूचे नळकांडे न घेता, केवळ श्वास रोखून समुद्रतळाशी जातात आणि शंख-शिंपले काढतात. बहुतेक जणी साठी ओलांडलेल्या आहेत. त्यांची ही परंपरा २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. वर आल्यावर त्या श्वास सोडतात, तेव्हा शीळ घातल्यासारखा आवाज येतो. त्याला 'सुंबीसोरी' असे नाव आहे. मालिकेत तो पार्श्वसंगीतात विरतो. प्रत्यक्षात तो उघड्या समुद्रावर एकामागून एक, वेगवेगळ्या दिशांनी ऐकू येतो, आणि आपण नकळत मोजू लागतो, की मघा खाली गेलेली ती चौथी बाई अजून वर का आली नाही. माझी आजी ओहोटीला खडकांवर कालवे फोडायला जाई. पाणी चढू लागले, की आजोबा काही न बोलता अंगणाच्या टोकाशी जाऊन उभे राहत. मला ते त्या दिवशी कळले.

तेथील संत्र्याच्या झाडाला पूर्वी 'कॉलेजचे झाड' म्हणत, कारण एका झाडाच्या फळांवर मुलाचे शिक्षण होई. आमच्याकडे माझे शिक्षण सात कलमांवर झाले. कोणी अजून त्याची मालिका केलेली नाही.

ताकभात :
गडगा, आजीबद्दल वेगळे लिहा.

चष्मेवाली :
ओसरी, त्या कार्डातली शिल्लक तेथील कोपऱ्यावरच्या, टी-मनी घेणाऱ्या दुकानात परत मिळते. फक्त पाचशे वॉन कापून घेतात.

ओसरी :
आभार. लेक मार्चमध्ये जाते आहे, कार्ड तिच्याजवळ देईन. बटवा मात्र देणार नाही, त्याची नाडी फार जीर्ण झाली आहे.