अकाउंटिंग सॉफ्टवेअर अपडेट करताना ‘सुरक्षा प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही’: दोन पीसी, दोन वेगळे कोड

खतावणी यांचा प्रश्न

नमस्कार. कर सल्लागाराचं ऑफिस आहे, पाच पीसी एकाच लॅनवर, सगळीकडे एकच अकाउंटिंग सॉफ्टवेअर. जीएसटीतले बदल असलेलं नवं रिलीज आलंय. तीन पीसींवर अपडेट सरळ झालं, दोनवर अडलंय.

पीसी १: विंडोज ७ सर्व्हिस पॅक १, ६४ बिट. अपडेट दाबलं की लगेच ‘सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही’, कोड ०एक्स८००बी०१०९. याच पीसीवर क्रोममध्ये कंपनीची साइट मात्र कुलपाच्या खुणेसकट उघडते.

पीसी २: विंडोज १०, फक्त एंट्रीसाठी वापरतो, ब्राउझर कोणी उघडत नाही. इथे कोड ०एक्स८००बी०१०१.

आतापर्यंत मिळालेले सल्ले: अँटिव्हायरस बंद करा, पीसीची तारीख मागे घ्या, इंटरनेट ऑप्शन्समधली सर्टिफिकेटची तपासणी काढून टाका. यातलं अजून काहीच केलेलं नाही. आमच्या एका डीएससीची (डिजिटल सहीची) मुदत गेल्या महिन्यात संपली, त्याचा काही संबंध असेल का? २० तारखेच्या आत जीएसटीचे ३बी रिटर्न भरायचे आहेत, त्याआधी दोन्ही पीसी मार्गी लागायला हवेत.

---

लॅन_आणि_लेजर

तीनही सल्ले बाजूला ठेवलेत ते उत्तम केलंत. तारीख मागे घेण्याचा तर विचारही नको. कंपनी कायद्याच्या लेखा नियमांप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे. प्रत्येक बदल कधी झाला याची नोंद त्यात राहते आणि ती वेळ बहुतेक वेळा पीसीच्या घड्याळावरूनच घेतली जाते. घड्याळ मागे नेऊन एक व्हाउचर जरी दुरुस्त झालं, तरी ट्रेलमध्ये खोटी तारीख बसते. तो ट्रेल बंद करता येत नाही, पुसताही येत नाही.

डीएससीचा इथे संबंध नाही. डीएससी ही टोकनमधली तुमची सही, रिटर्नवर किंवा फॉर्मवर करायची. अपडेटच्या वेळी तपासलं जातं ते समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र, आणि फाइल उतरल्यावर त्या फाइलवरची सॉफ्टवेअर कंपनीची सही. डीएससीचं नूतनीकरण करायचं तर करा, पण या एररसाठी नको.

आता कोड. ०१०९ म्हणजे प्रमाणपत्रांची साखळी ज्या रूटपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत, जाते, तो रूट या विंडोजच्या विश्वासू यादीत नाही. ०१०१ म्हणजे प्रमाणपत्र मुदतीच्या चौकटीत बसत नाही. ते संपलंय की अजून सुरूच झालेलं नाही, हे या कोडवरून कळत नाही. दोन्हीला हाच कोड येतो. बाकीचे तीन पीसी त्याच सर्व्हरवरून अपडेट झाले, म्हणजे सर्व्हरचं प्रमाणपत्र ठीक आहे. तेव्हा पीसी २ चं घड्याळ आधी बघा. नुसती वेळ नाही, दिवस, महिना, वर्ष आणि टाइम झोन. झोन यूटीसी +०५:३० असायला हवा.

क्रोममध्ये साइट उघडते यावरून पीसी १ बद्दल काहीच सिद्ध होत नाही. विंडोजवरचं क्रोम २०२२ पासून रूटची स्वतःची यादी वापरू लागलं, फायरफॉक्सची तर पहिल्यापासून वेगळी आहे. विंडोजच्या घटकांवर चालणारा अपडेटर विंडोजची यादी बघतो. शिवाय कंपनीची साइट आणि अपडेट देणारा सर्व्हर यांची प्रमाणपत्रं वेगवेगळी असू शकतात.

पीसी १ वर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, कॅपी२, ऑपरेशनल. त्यावर राइट क्लिक करून ‘एनेबल लॉग’. अपडेट पुन्हा चालवा आणि लॉगमधला इव्हेंट ११ उघडा. डिटेल्समध्ये सर्व्हरच्या प्रमाणपत्राचं नाव, ते कोणी दिलं, आणि साखळी कुठे तुटली हे तिन्ही दिसतं. देणाऱ्याचं नाव इथे लिहा, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. काम झालं की लॉग बंद करायला विसरू नका, भराभर भरतो.

---

फायरवॉल_पाहणारा

वरच्यात एक भर. इव्हेंट ११ मध्ये देणाऱ्याच्या जागी तुमच्या अँटिव्हायरसचं किंवा ऑफिसच्या फायरवॉलचं नाव दिसलं, तर तुमच्या आणि सर्व्हरच्या मध्ये बसून कुणीतरी एचटीटीपीएस उघडून तपासतंय असा अर्थ. अशा वेळी अँटिव्हायरस पूर्ण बंद करायचा नसतो. त्यात ‘एचटीटीपीएस स्कॅनिंग’ किंवा ‘एन्क्रिप्टेड कनेक्शन स्कॅन’ असा पर्याय असतो, तिथे फक्त अपडेट सर्व्हरचा पत्ता वगळायचा. फायरवॉलवरही तेच, त्या एका पत्त्याला तपासणीतून सूट. पण पाचांपैकी तीन पीसी त्याच फायरवॉलमागून अपडेट झालेत, त्यामुळे मला ही शक्यता कमी वाटते, त्या तिघांत फायरवॉलचा रूट आधीच घातलेला नसेल तर.

फायरवॉल सांभाळणाऱ्याला अजून एक विचारा: पोर्ट ८०, म्हणजे साध्या एचटीटीपीची वाट, बाहेर जायला मोकळं आहे का? पुष्कळ ठिकाणी ‘आता सगळं ४४३ वर (एचटीटीपीएसवर) चालतं’ म्हणून ८० बंद करतात. पण विंडोज नवे रूट ज्या पत्त्यावरून आणतं, सीटीएलडीएल डॉट विंडोजअपडेट डॉट कॉम, तिथे ते साध्या एचटीटीपीने जातं. रद्द झालेल्या प्रमाणपत्रांच्या याद्या, म्हणजे सीआरएल, याही ८० वरूनच येतात. ८० बंद असलं की कधी ०१०९ येतो, कधी ०एक्स८००९२०१३. या दुसऱ्याचा अर्थ रद्द यादीच मिळाली नाही. तो आला की लोक ‘चेक फॉर सर्व्हर सर्टिफिकेट रिव्होकेशन’ची खूण काढून मोकळे होतात. ती खूण काढली की चोरीला गेलेल्या किल्लीचं रद्द प्रमाणपत्रही तुमचा पीसी मुकाट्याने मान्य करेल. खूण राहू द्या, ८० उघडा.

---

खतावणी

पीसी २ सापडला. सिस्टिमची तारीख १ जानेवारी २०१७ होती! सकाळी घड्याळ चुकीचं दिसलं की मुलं फक्त वेळ लावायची. व्हाउचरची तारीख सॉफ्टवेअरमध्ये वेगळी चालते म्हणून वर्षाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. पण ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू असताना असं कसं?

पीसी १: इव्हेंट ११ मध्ये देणारा लेट्स एन्क्रिप्ट, साखळीच्या टोकाला आयएसआरजी रूट एक्स१, आणि ‘अनट्रस्टेड रूट’. पोर्ट ८० मोकळं आहे.

---

लॅन_आणि_लेजर

ऑटोमॅटिक असूनही दुरुस्त होत नाही, कारण विंडोजच्या टाइम सर्व्हिसला मर्यादा घातलेली असते. डोमेनमध्ये (ऑफिसच्या मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यात) नसलेल्या पीसीवर ती ५४,००० सेकंद, म्हणजे १५ तास. त्याहून जास्त फरक दिसला की ती सर्व्हिस घड्याळाला हात लावत नाही. इतक्या वर्षांचा फरक तिच्या आवाक्याबाहेरचा आहे. एकदा हाताने पूर्ण तारीख लावा, मग ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये डब्ल्यू३२टीएम, स्पेस, स्लॅश रीसिंक. अपडेट लगेच चालायला हवं.

पण सकाळी पुन्हा तेच होणार, कारण मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर२०३२, ३ व्होल्टचा नाण्यासारखा, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. पीसी बंद करून प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, अधिकच्या खुणेची बाजू वर ठेवून नवा सेल बसवा. जुना मीटरवर मोजलात तर २.८ च्या खाली असेल. बसवल्यावर बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन तारीख लावा आणि साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड बघा. सेल काढल्यावर काही बोर्ड तो एएचसीआयवरून आयडीईवर किंवा रेडवर नेतात आणि मग विंडोज सुरूच होत नाही. सेल काढण्याआधी त्या पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा.

२०१७ च्या तारखेने ऑडिट ट्रेलमध्ये काय काय नोंदलं गेलंय, तेही आजच बघा. कंपनी असलेल्या अशिलांच्या फाइल असतील, तर कुठल्या दिवसापासून कुठल्या दिवसापर्यंत घड्याळ चुकलं होतं याची लेखी नोंद ठेवा. ऑडिटरने विचारल्यावर आठवणीतून सांगण्यापेक्षा ती बरी.

---

रूट_आणि_फांद्या

पीसी १ चं मी सांगतो. लेट्स एन्क्रिप्टची साखळी पूर्वी डीएसटी रूट सीए एक्स३ या जुन्या रूटवरही टेकायची. त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. तेव्हापासून पीसीकडे आयएसआरजी रूट एक्स१ असणं भाग आहे. हा रूट ४ जून २०१५ चा, ४ जून २०३५ पर्यंत चालणारा. विंडोज ७ बाहेर आलं २००९ मध्ये, त्यामुळे तो मुळात त्यात नाही. विंडोज अनोळखी रूट दिसला की मायक्रोसॉफ्टच्या यादीत शोधतं आणि सापडला तर गुपचूप बसवून घेतं. विंडोज ७ लाही हे येतं. पोर्ट ८० मोकळं असून हे झालं नाही, म्हणजे ही सोय कुणीतरी बंद केलेली असावी.

रजिस्ट्रीत बघा: एचकेईवाय लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, सिस्टिमसर्टिफिकेट्स, ऑथरूट. तिथे ‘डिसेबलरूटऑटोअपडेट’ची किंमत १ असेल तर ० करा, पीसी रीस्टार्ट करा, अपडेट पुन्हा चालवा. विंडोज अपडेट ‘कायमचं बंद’ करणारी फुकट टूल्स हा १ टाकून गेलेली असू शकतात.

तरीही नाही झालं तर रूट हाताने घाला. विंडोज १० च्या चालू पीसीवर रनमध्ये सर्टएलएम डॉट एमएससी, ट्रस्टेड रूट, सर्टिफिकेट्स, आयएसआरजी रूट एक्स१, ऑल टास्क्स, एक्स्पोर्ट. पेन ड्राइव्हवरून विंडोज ७ वर न्या. तिथे सर्टएलएम नसतं, म्हणून एमएमसी उघडून फाइल, ॲड स्नॅप-इन, सर्टिफिकेट्स आणि कॉम्प्युटर अकाउंट. नुसती डबल क्लिक करून ‘इन्स्टॉल’ दाबलंत तर रूट फक्त त्या युजरपुरता बसतो. अपडेटर सर्व्हिस म्हणून सिस्टिम अकाउंटवर चालत असेल तर त्याला तो दिसतच नाही, आणि ‘घातला तरी एरर जात नाही’ म्हणून माणूस दिवसभर डोकं धरून बसतो. घालण्याआधी थंबप्रिंट, म्हणजे प्रमाणपत्राची ओळख पटवणारा आकडा, जुळवा. त्याची सुरुवात सीए बीडी २ए ७९ ए१ ०७ अशी आहे.

रूटच्या खणात फक्त रूट. सर्व्हरचं स्वतःचं प्रमाणपत्र उचलून तिथे टाकण्याचा सल्ला कुठेतरी वाचाल. लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची प्रमाणपत्रं ९० दिवसांची असतात, पुढच्या वेळी सर्व्हरवर नवं आलेलं असेल आणि तुम्ही पुन्हा तिथेच. चालू पीसीवरचे सगळे रूट एकगठ्ठा उचलून टाकणं हाही घाईचा उपाय. गरज एकाची आहे, एकच घाला.

आणि जावावर चालणारी जी टूल्स असतात, ती यातलं काहीच बघत नाहीत. जावाची यादी तिच्या स्वतःच्या सीएसर्ट्स नावाच्या फाइलमध्ये असते.

---

खतावणी

पीसी २ झाला, सेलही बदलला. साटा खरंच आयडीईवर गेला होता, फोटो काढून ठेवला म्हणून वाचलो.

पीसी १ वर तो १ सापडला. ० केल्यावर ०१०९ गेला, फाइल पूर्ण उतरली. आता इन्स्टॉल करताना ‘डिजिटल सही पडताळता आली नाही’ म्हणतंय. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्समध्ये सही दिसते, पण अवैध म्हणून. तीच फाइल विंडोज १० वर वैध दाखवते.

---

रूट_आणि_फांद्या

फाइल बिघडलेली नाही, विंडोज १० ने ते सांगितलंच. आताच्या सह्या शा-२ या नव्या पद्धतीच्या असतात आणि जुन्या विंडोज ७ ला त्या पूर्ण वाचता येत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून दोन पॅच घ्या: आधी केबी४४९०६२८, रीस्टार्ट, मग केबी४४७४४१९, पुन्हा रीस्टार्ट. क्रम हाच ठेवा, पहिला पॅच विंडोजच्या अपडेट बसवणाऱ्या यंत्रणेचा आहे. ६४ बिटसाठीची फाइल एक्स६४ नावाची, आयए६४ची नव्हे.

त्यानंतरही सही अवैध दिसली, तर सहीच्या डिटेल्समधून सर्टिफिकेशन पाथ उघडा आणि सगळ्यात वरचा रूट कोणता ते बघा. सर्व्हरच्या प्रमाणपत्राचा रूट आणि सहीचा रूट वेगळे असतात, एक बसला म्हणून दुसरा बसलेला असेलच असं नाही. आता ऑटो अपडेट चालू केलंय, त्यामुळे तोही आपोआप यायला हवा.

---

लॅन_आणि_लेजर

पुढच्या रिलीजला या पीसीवर १२१७५ हा कोड आला तर गोंधळू नका. तो प्रमाणपत्राच्या बिघाडालाही येतो आणि टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणीची पद्धत न जुळल्यावरही. विंडोज ७ मध्ये टीएलएस १.२ आहे, पण विनएचटीटीपी हा विंडोजचा इंटरनेट जोडणीचा घटक वापरणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी आपोआप चालू नसतं. त्यासाठी केबी३१४०२४५ आणि सोबत रजिस्ट्रीत ‘डीफॉल्टसिक्युअरप्रोटोकॉल्स’ची किंमत ०एक्सए००. ६४ बिटवर ती दोन जागी लिहावी लागते, नेहमीच्या विनएचटीटीपी कीमध्ये आणि वाव६४३२नोडखालच्या. एकाच जागी लिहिली तर ३२ बिटचा अपडेटर जिथल्या तिथे अडून बसतो.

इन्स्टॉल दाबण्याआधी डेटा फोल्डरचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि बाकी चार पीसींवरून कंपनी फाइल्स बंद करायला सांगा. नव्या रिलीजने डेटाची मांडणी बदलली तर जुन्या रिलीजला ती फाइल उघडता येत नाही. पाचही पीसी एकाच रिलीजवर येईपर्यंत सामायिक फाइलमध्ये कोणी एंट्री करू नये.

---

खतावणी

दोन्ही पॅच क्रमाने घातले, सही वैध दिसली, बॅकअप घेऊन इन्स्टॉल केलं. पाचही पीसी एकाच रिलीजवर आहेत. २०१७ ची तारीख पडलेल्या नोंदी ट्रेलमधून काढून यादी करतोय, कंपनी अशिलांच्या ऑडिटरना ती पाठवू. पीसी १ चं मायक्रोसॉफ्टचं नेहमीचं समर्थन १४ जानेवारी २०२० लाच संपलंय हे माहीत आहे, ३बी झाले की तो बदलतोय.