वसंतातला सॅमन सोडूनच द्यायचा, तर मार्चअखेरपर्यंत नदी बंद का नको?

उत्तरवारा

स्कॉटलंडमध्ये 2015 पासून 1 एप्रिलच्या आत गळाला लागलेला प्रत्येक सॅमन जिवंत परत सोडावा लागतो. तरीही टे नदी गरवणीला 15 जानेवारीला उघडते, डी आणि ट्वीड 1 फेब्रुवारीला, स्पे 11 फेब्रुवारीला. जो मासा ठेवताच येत नाही त्याच्यामागे दोन-अडीच महिने गळ फिरवायचा, हा काय प्रकार आहे? माझ्या मते 31 मार्चपर्यंत गळाच्या काठ्या बासनात राहाव्यात.

कारण हा मासा साधा नाही. वसंतात अंडी घालायला नदी चढणारे सॅमन समुद्रात दोन किंवा जास्त हिवाळे काढून आलेले असतात आणि त्यांत माद्या जास्त. साडेचार किलोच्या मादीच्या गाभोळीत सहा-सात हजार अंडी तयार होतात. फेब्रुवारीत नदीत शिरलेली मादी अंडी घालते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि गोड्या पाण्यात सॅमन काही खात नाही. गळावरच्या प्रत्येक झटापटीचा खर्च त्याच साठवलेल्या चरबीतून निघतो.

दुसरं म्हणजे पाणी 5-6 अंशांच्या खाली असलं की सॅमन धबधबा किंवा बंधारा चढत नाही, खालच्या डोहांत अडून राहतो. त्या बीटवर, म्हणजे एका मालकाच्या नदीपट्ट्यावर, सोमवार ते शनिवार त्याच माशांच्या तोंडापुढून फ्लाय, म्हणजे गळाची नकली माशी, जात राहते. रविवारी कायद्याने सॅमनची गरवणी बंद, तेवढीच उसंत.

2010 मध्ये स्कॉटलंडभर काठीवर 1 लाख 10 हजारांहून जास्त सॅमन लागले होते, 2018 मध्ये जेमतेम 37 हजार. 2023 च्या जागतिक (IUCN) लाल यादीत ग्रेट ब्रिटनचा सॅमन 'धोक्यात' या वर्गात गेला. अजून किती वाट बघायची?

गरीवाला

असहमत, आणि कारण तुम्हीच लिहिलेल्या थंडीत आहे. पकडून सोडण्यासाठी वर्षातला सगळ्यात सुरक्षित काळ हाच. 4-8 अंशांच्या पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, दमलेला मासा लवकर सावरतो. 18 अंशांच्या वर सोडलेले मासे मरण्याचं प्रमाण वाढत जातं, 20 ला तर काठी आवरावी. बंदीच हवी असेल तर जुलै-ऑगस्टच्या ओसरलेल्या, तापलेल्या पाण्यावर घाला.

मासा मरतो तो हाताळणीने. 'एका पौंडाला एक मिनिट' हा जुना हिशोब पकडून घरी न्यायच्या काळातला, तो विसरा. 15 फुटी दुहाती काठी आणि 20 पौंड ताण सोसणारा लीडर, म्हणजे लाइनच्या (गळाच्या दोरीच्या) टोकाचा बारीक धागा, असेल तर दहा पौंडांचा मासा पाच-सहा मिनिटांत जाळ्याशी आला पाहिजे. मासा खाली आणि आपण वर, असं उभं राहून ओढाल तर त्याच्यासोबत अख्खा प्रवाहही ओढावा लागतो. काठाकाठाने उतरून त्याच्या बरोबरीला या, काठी आडवी करून बाजूने ताण द्या.

गाठी नसलेल्या मऊ जाळीचं मोठं हातजाळं, गुडघाभर पाणी. माशाला वाळूगोट्यांवर ओढायचं नाही, कारण खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर गेला की तिथे बुरशी धरते. लोकरीचे हातमोजे काढा, हात ओले करा. गळ चिमट्याने सोडवा; खोल गेला असेल तर लीडर जवळून कापा. मग एक हात शेपटीच्या बुडाशी, दुसरा पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. पुढे-मागे ढकलू नका, उलट्या दिशेने पाणी गेलं की कल्ले नीट काम करत नाहीत. शेपटी स्वतःहून मारेपर्यंत धरायचं, बस्स.

हवा शून्याखाली असेल, काठीच्या कड्यांत बर्फ धरत असेल, तर मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही. कल्ल्यांची नाजूक पाती आणि डोळे क्षणात गोठतात. त्या दिवशी फोटो नाही.

पाणथळ

गरीवाला, तुमची शिकवणी उत्तम, पण फ्लायवरच थांबलात. टेवर हार्लिंग चालतं हे सोयीस्कर विसरलात. बोट प्रवाहाला तोंड करून या काठापासून त्या काठापर्यंत झुलवत हळूहळू खाली उतरवायची, मागे सहसा तीन काठ्यांचे नकली मासे थरथरत सोडायचे. एकेका नकली माशाला दोन-दोन तिहेरी गळ. एक तोंडात अडकतो, दुसरा झटापटीत डोळ्यात किंवा कल्ल्यात शिरतो. वर जाळ्यात गुंतला की सोडवताना दोन मिनिटं गेली. कल्ल्यातून रक्त आलेला मासा पोहत गेला म्हणजे जगला असं समजू नका.

उपाय साधा: दोन्ही तिहेरी गळ काढा, फक्त मागे एकच मोठा एकेरी गळ लावा, त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. पुढचं वजन कमी झाल्याने नकली मासा कधी आडवा पडतो. पाण्यात बाजूला धरून चाल तपासा, गरज पडली तर पोटाच्या कडीला शिशाची तार गुंडाळा. तारखेची बंदी कशाला, आधी हे सक्तीचं करा. डीसारखी फक्त फ्लायची शिस्त असेल तर निम्मा वाद संपतो.

गरीवाला

एकेरी गळाबद्दल शंभर टक्के मान्य. मात्र फ्लायवालेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. थंड पाण्यात तांब्या-पितळेच्या दीड-दोन इंची नळीवर बांधलेल्या फ्लायमागे छोटा तिहेरी गळ लावणारे अजून आहेत.

तिसरा_डोह

नदीचा खर्च कुठून येतो, हे कुणी बोललंच नाही. इंग्लंडसारखा सरकारी काठी-परवाना स्कॉटलंडमध्ये जवळजवळ कुठेच नाही. लागते ती मालकाची परवानगी. नदीचे पहारेकरी पोसतात ती जिल्ह्याजिल्ह्याची सॅमन मंडळं (बोर्ड), आणि त्यांचा पैसा येतो बीटमालकांवरच्या पट्टीतून. मालक ती भरतो गरवणाऱ्यांना आठवड्यावर दिलेल्या बीटच्या भाड्यातून. फेब्रुवारी-मार्चचे आठवडे स्वस्त असतात हे खरं, पण तेवढ्यावर गिलीचा, म्हणजे बीटवरच्या वाटाड्याचा, पगार वर्षभर टिकतो. तो गेला की चोरून जाळं टाकणाऱ्याला रान मोकळं.

शिवाय पहिल्या दोन महिन्यांत लागतात त्यांतले बरेच केल्टच, म्हणजे अंडी टाकून समुद्राकडे परतणारे रोडके मासे. नवख्याला ते रुपेरी दिसले की ताजे वाटतात. पोट आत गेलेलं, डोकं अंगाला मोठं, पर झिजलेले, गुदद्वार सुजलेलं, कल्ल्यात पांढरट परजीवी: हा केल्ट. ताज्या माशाची पाठ मांसल असते, आणि अंगावर लांब शेपट्यांच्या समुद्री उवा असतील तर तो दोनेक दिवसांपूर्वीच खाऱ्या पाण्यातून आलाय. केल्ट मारणं तसंही बेकायदा, तेव्हा ही ओळख शिकवायलाही काठावर गिली लागतोच.

उत्तरवारा

पगाराचं गणित समजतं. पण केल्टचा मुद्दा तुम्ही माझ्याच बाजूने मांडलात! कोवळ्या वसंतात तोच रोडका जीव बीटामागून बीट गळाला लागत खाली जातो. थोडेच केल्ट समुद्र गाठून पुन्हा अंडी घालायला येतात, त्यांच्यावर ही वसुली कशाला? बंदीत भाडं बुडतं तर सरकारने गिलीला तेवढे दिवस माशांच्या मोजणीला आणि काठावर झाडं लावायला लावावं. सावली झाली तर गरीवाला म्हणतात ते उन्हाळी 20 अंशही टळतील.

पाणथळ

सरकार देईल? बसा मग वाट बघत.

गरीवाला

उत्तरवारा, तुमचा अडलेल्या माशांचा मुद्दा मात्र वजनदार आहे, तो तारखेत वाया घालवू नका. पाण्याचं तापमान बघून ठरवा. रोज सकाळी त्याच जागी, वाहत्या पाण्यात, सावलीत, तापमापक पाच मिनिटं बुडवा. 6 अंशांच्या खाली असेल तर धबधब्याखालचा पहिला डोह त्या दिवशी सोडायचा. बाकी डोहांवर बुडणारी लाइन, चार-पाच फुटांचा आखूड लीडर, फ्लाय पलीकडे जवळजवळ काटकोनात टाकून लाइनला वरच्या बाजूला वळण, आणि प्रत्येक फेकीनंतर दोन पावलं खाली. एकाच जागी उभं राहून वीस वेळा फेकणाऱ्याला गिलीने हाकलावं. 9 अंशांच्या वर तरंगती लाइन आणि 6-8 नंबरची छोटी दुहेरी गळाची फ्लाय, काटा दाबलेली. मासा तेव्हा वर येऊन घेतो. एप्रिल उजाडला तरी पाणी 5 अंशांवर असू शकतं, तेव्हा तुमची 31 मार्चची बंदी उठलेली असेल आणि मासे तिथेच अडलेले असतील.

तिसरा_डोह

कागदावर छान. पण ज्या बीटवर धबधब्याखालचा डोह हाच एकमेव कामाचा डोह आहे, तिथे आठवड्याचं भाडं भरून आलेल्याला सोमवारी सकाळी तापमापक दाखवून काय सांगायचं? आणि पट्टी ठरते मत्स्यहक्काच्या मूल्यांकनावर. तो डोह मार्चभर बंद राहिला म्हणून मालकाची पट्टी आपोआप कमी होत नाही.

उत्तरवारा

मग वरच्या बीटवाल्यांनी वाटा द्यावा. अडलेले मासे शेवटी त्यांच्याकडेच जाणार आहेत.