जुन्या जिप्सीत एमपीएफआयचं वायरिंग : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. साताऱ्यात माझी १९९७ ची कार्ब्युरेटर जिप्सी आहे. तिच्यात नंतरच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या) जिप्सीचं १.३ लिटर १६ व्हॉल्व्ह इंजिन बसवलंय. इंजिन, ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) एकाच गाडीचे. डॅशबोर्डचं वायरिंग मात्र जुनंच ठेवलंय, आणि घोडं तिथंच अडलंय.

सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. चावी दिल्यावर पेट्रोलच्या पंपाचा दोन सेकंदांचा गुणगुणाट ऐकू येत नाही. पंपाच्या रिलेला (करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचला) थेट करंट दिला तर पंप चालतो, पण प्लगला ठिणगी नाहीच. जुन्या मीटरमध्ये चेक इंजिनचा दिवाच नाही, म्हणून वेगळा बल्ब जोडला. तोही पेटत नाही. म्हणजे ईसीएमच जागा होत नाही असं मला वाटतं.

आमचे वायरमन म्हणतात, ईसीएम गेला, नवा आणा. मला पटत नाही. मी चावीवरच्या करंटसाठी जी वायर घेतलीय, तिच्यावर सेल्फ मारताना मल्टिमीटर शून्य दाखवतो. ती अ‍ॅक्सेसरीची (रेडिओ वगैरेची, सेल्फ मारताना बंद होणारी) निघाली की काय?

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा : स्टार्टलाही बारा व्होल्ट टिकणारी वायर चावीच्या कपलरमधली (वायरी जोडायच्या सॉकेटमधली) कुठली? ईसीएमला करंट देणाऱ्या मेन रिलेला बॅटरीवरून वेगळा फ्यूज दिला का? इंजिनकडची अर्थ कुठं आवळली? स्पीडोमीटर जुन्या केबलवरच आहे, मग स्पीड सेन्सरचं काय केलंत?

एमपीएफआयच्या वायरिंग डायग्रामचा स्पष्ट फोटो असेल तर जरूर टाका. आरसीवर इंजिन बदलाच्या नोंदीचा अर्ज एमएच-११ ला (सातारा आरटीओत) आधीच दिलाय, त्यामुळे त्यावरून रागावू नका!