‘कल्पना करा, तुम्ही मावळा आहात’ हा निबंध आम्ही घरी बंद केला

पेठेतली_आई
माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, तीन वर्षांपासून घरीच शिकतो. मागच्या वर्षी मी त्याला ठरलेला विषय दिला होता: तू मावळा आहेस, गडावरची एक रात्र लिही. त्याने दोन पानं भरली. ‘ऊर अभिमानाने भरून आला’, ‘अंगावर रोमांच उभे राहिले’. एक वाक्य त्याचं नव्हतं, अक्षर तेवढं त्याचं.

या वर्षी पानशेत घेतलं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ओळखीच्या दोन आजी तेव्हा पेठेत होत्या, साधारण त्याच्याच वयाच्या. एक म्हणाली, सकाळचा चहा चुलीवर होता तेव्हा पाणी आलं. दुसरी म्हणाली, छे, आमची जेवणं झाली होती. मुलगा वैतागला. यांच्यातलं खोटं कोण बोलतंय?

मी उत्तर दिलं नाही. दोघींची जुनी घरं कुठे होती ते चालत बघून आलो. एकीचं नदीला लागून, दुसरीचं बरंच आत, चढावर. मग तो स्वतःच वाचायला बसला. आधी पानशेत फुटलं, मग खालचं खडकवासला. पाणी एका दमात आलं नाही, चढत गेलं. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण धरून ठेवलं होतं, म्हणून ते फुटलं ते दिवसाउजेडी, हेही त्याला तिथेच सापडलं. दोन्ही आजी खऱ्या ठरल्या.

त्यानंतर त्याने जे लिहिलं ते एवढंच: ‘आजीने तांदळाचा डबा उघडला. झाकण घट्ट होतं तरी आत गाळ होता. तो डबा अजून त्यांच्याकडे आहे. मी हुंगून बघितला. मला कसलाच वास आला नाही. आजी म्हणाली, मला येतो.’

मला वाटतं मनापासूनचं लिहिणं असंच येतं. आधी खरी वस्तू, खरं माणूस, पडताळा, आणि मग वही. भावना मागून घेता येत नाही. तुमचं काय मत?

सनावळीवाले_सर
ताई, उतारा सुंदर आहे, मुलाला शाबासकी सांगा. पण मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला आहे आणि मला हे पटत नाही. ही आठवण झाली. इतिहास याच्या पुढे सुरू होतो. पूर आला तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम चौदा महिने झाले होते, हे त्याला माहीत आहे का? सनावळ्यांना आपण उगाच नावं ठेवतो. खुंटीच नसेल तर डबा टांगणार कशाला?

दुसरं, १७६१ ची कोणाची आजी हयात नाही. मग पानिपत शिकवायचंच नाही का? मी वर्गात काय करायचो ते सांगतो. १४ जानेवारीला लढाई झाली. बातमी नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोचली ती सावकारी पत्रातून: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. एवढं फळ्यावर लिहायचं आणि विचारायचं, मोती कोण? मोहरा कोण? आणि खुर्दा म्हणजे किती घरं? एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘सर, आमच्या गावचे लोक खुर्द्यातच असतील.’ वर्ग गप्प झाला. त्या वर्षीचे निबंध मी अजून ठेवले आहेत. कल्पना वाईट नसते हो, कागद न वाचता केलेली कल्पना वाईट.

ओपनस्कूलवाला_बाबा
एक व्यवहाराचा मुद्दा. आम्ही एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेच्या बोर्डातून, दहावी देतोय. परीक्षेत तांदळाचा डबा विचारत नाहीत, मुद्दे विचारतात. मुलीला दोन्ही वळणं देताना तारांबळ उडते आणि शेवटच्या तीन महिन्यांत प्रोजेक्ट बाजूला पडतात. आजी-आजोबांपर्यंत पोचायला वेळ लागतो, तो प्रत्येक घरात नसतो.

माणदेशी
ताई, राग मानू नका. तुमच्या दोन्ही आजींकडे तांदळाचा डबा होता. त्याच दिवशी नदीला लागून झोपड्या होत्या, तिथल्या कुठल्या आजीकडे तुमचा मुलगा गेला? घरी शिकणाऱ्या मुलाचा हाच मोठा धोका मला दिसतो. शाळेत निदान शेजारच्या बाकावर दुसऱ्या वस्तीतलं पोर असतं. घरात आठवणी आपल्याच जातीच्या, आपल्याच आळीच्या.

माझी आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. कामावर मिळणारी सुकडी अर्धी खाऊन अर्धी पदराला बांधून आणायची. तिची हकीकत आजवर कोणी लिहून घेतली नाही. मीही नाही, हे लिहिताना लागतंय.

आणि मुलाच्या वयाच्या मुलीचं मनापासूनचं लिखाण हवं असेल तर मुक्ता साळवे द्या त्याला. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजाची मुलगी. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा निबंध छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांची असल्याचं सांगतात. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्पर नसतं, हिवात-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, असं ती लिहिते. आमचा धर्म कोणता ते सांग, असं थेट देवालाच विचारते. तिला कोणी ‘कल्पना कर’ म्हटलं नव्हतं. सर, तुमच्या सनावळीत १८५५ ला तिचं नाव असतं का?

सनावळीवाले_सर
नव्हतं. पुस्तकाबाहेरचं बरंच शिकवलं, हे शिकवलं नाही. चूक माझी आहे. पण दादा, ती आज आपल्याला वाचता येते ती कागदावर राहिली म्हणून. माझं म्हणणं तेवढं सोडत नाही.

घरशाळेतली
मी एकोणीस वर्षांची आहे, सातवीनंतर दहावीपर्यंत घरीच शिकले. तुम्ही सगळे काय शिकवायचं यावर बोलताय. मला वाचणाऱ्याबद्दल बोलायचं आहे. शाळेतल्या मुलाचा निबंध बाई वाचतात, घरी आल्यावर तो वेगळा माणूस असतो. माझ्या बाई म्हणजे माझी आई होती. मी आजोबांच्या आजारपणावर लिहिलं, आईला रडू आलं आणि तिने ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. तिचा हेतू चांगलाच होता. पण पुढचं वर्षभर मी फक्त तिला आवडेल असं लिहिलं. तेही ‘ऊर भरून आला’च होतं, फक्त शब्द बरे होते.

पुढे मावशीने मला एक वही दिली आणि आईसमोर सांगितलं, ही कोणी उघडायची नाही. तिथून माझं लिहिणं सुरू झालं. काकू, तुमच्या मुलाचा उतारा तुम्ही इथे टाकलात. त्याला विचारलं होतं का?

पेठेतली_आई
नव्हतं विचारलं. तुझा प्रतिसाद वाचला आणि उठून त्याच्याकडे गेले. म्हणाला, ‘डब्याचं चालेल. पण मागच्या पानावर आहे ते नको.’ मागच्या पानावर काही आहे हेच मला माहीत नव्हतं. वही मी बघितली नाही, आजच नवी आणली आहे, ती त्याच्याच कपाटात राहील.

सर, पत्राची कल्पना या आठवड्यात करतेय, आणि भिंतीवर सुतळी बांधून सनांच्या चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. १८५५ ची चिठ्ठी त्याने लिहिली.

माणदेशी दादा, रागाचं काही नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या सासूबाई पुराच्या वेळी नदीकाठी राहायच्या. पंधरा वर्षं मावशी घरात येतात आणि मी कधी विचारलं नाही. रविवारी त्यांच्या घरी जातोय, त्यांनी या म्हटलंय. तुमच्या आजी आहेत का अजून?

माणदेशी
आहे. कानाने कमी ऐकते, पण सुकडीचं विचारलं की बोलते. दिवाळीला गावी जाणार होतो, आता आधीच जातो.