मोसम संपला: हरणाची शिकार करणाऱ्यांनो, लिहा

नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू झालेला, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा बंदुकीने हरणाच्या शिकारीचा मोसम रविवारी संध्याकाळी संपला. ठासणीच्या बंदुकीचे आणि धनुष्यबाणाचे दिवस अजून शिल्लक आहेत, पण इथले लोक ज्याला नुसतं 'मोसम' म्हणतात ते हे 9 दिवस. राज्यात बंदुकीचे साडेपाच लाखांच्या आसपास परवाने विकले जातात. सोमवारी सगळे पुन्हा कामावर. ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी "मिळालं का?" एवढंच विचारतात आणि विषय पुढे जातो.

त्यांच्यात आता आपलीही बरीच माणसं आहेत. गावाकडे फोनवर हे सांगायला गेलं की आई विषय बदलते, आणि इथल्या मराठी मंडळात कोणी काढत नाही. म्हणून विचारतोय: मोसम संपताना तुमच्या मनात काय राहतं? हरीण मिळालं की नाही याला महत्त्व नाही. शिकार न करणाऱ्यांनीही लिहावं, विरोध असेल तर तोही लिहावा.

डेन काउंटी, विस्कॉन्सिन

माझा मोसम रविवारी संपत नाही. तपासणीचा निकाल येतो त्या दिवशी संपतो.

आमच्या भागात हरणांना सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) नावाचा रोग आहे. 1967 साली कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला पाळीव हरणांत तो प्रथम दिसला आणि 2002 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये, माउंट होरेबच्या परिसरात सापडला. माझं घर तिथून फार लांब नाही. रोग जंतूंचा नाही, विषाणूचाही नाही. मेंदूतलं एक प्रथिन चुकीच्या घडीत दुमडतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तसंच दुमडायला लावतं. शिजवून ते मरत नाही, गोठवून मरत नाही. जनावर शेवटी खंगतं, लाळ गाळतं, पण बरेच महिने अगदी धडधाकट दिसतं. डोळ्यांनी काही कळत नाही. म्हणून मानेतल्या गाठींचा नमुना द्यायचा. इथे तपासणी मोफत आहे, रस्त्याकडेच्या पेटीत डोकं चिठ्ठी बांधून ठेवता येतं.

मग वाट पाहायची. मांस फ्रीजरमध्ये, प्रत्येक पुडक्यावर टॅगचा क्रमांक. कोणाला द्यायचं नाही, आपण खायचं नाही. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण रोगी हरणाचं मांस खाऊ नका असा सरकारी आरोग्य खात्याचा स्पष्ट सल्ला आहे आणि घरात लहान मुलं असताना मी दुसरा विचार करत नाही.

एका वर्षी निकाल 'आढळला' असा आला. मोठी मादी होती. ज्या शेजाऱ्याने मला सुरी कशी धरायची इथपासून सगळं शिकवलं, त्याच्याच शेतात, ओकच्या कडेला ती पडली होती. आम्ही दोघांनी तिला अंधारात ओढून आणलं होतं. ती सगळी पुडकी पिशवीत भरून कचराडेपोवर द्यावी लागली. शिकारीत जीव जातो हे मला मान्य आहे, त्याचं ओझं मी घेतो, कारण ते घरच्या चार माणसांच्या ताटात येतं. तो जीव कचऱ्यात गेला. शेजारी काही बोलला नाही, नुसता गाडीपर्यंत चालत आला. त्याचे वडील याच शेतात शिकार करायचे तेव्हा हा प्रश्नच नव्हता.

यंदाचा निकाल अजून यायचाय.

लँकेस्टरजवळ, पेनसिल्व्हेनिया

मी मूळची सिंधुदुर्गातली. आमच्या घरी शेतीच्या राखणीची परवान्याची बंदूक होती, ठासणीची. वानर आणि रानडुकरं नारळ-भाताची वाट लावायची. आण्णा दारू ठासताना आम्हा मुलींना ओटीवरून खाली उतरू द्यायचे नाहीत. म्हणून पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर नुसत्या चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा मोसम असतो हे कळलं, तेव्हा मला जे वाटलं ते इथल्या मैत्रिणींना समजावून सांगता आलं नाही. स्फोटक टोपीवर पेटणारी ठासणीची बंदूकसुद्धा त्यात चालत नाही, ठिणगी पाडणारी चकमकच हवी. 26 डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत किंवा थोडं पुढे. गर्दी निघून गेलेली असते. पानं गळालेली, बर्फावर ठसे स्पष्ट, आणि हरणं नोव्हेंबरच्या गोळीबाराने शहाणी झालेली. चाप ओढल्यावर आधी ठिणगी, मग कानशिलाजवळ भडका, मग बार. त्या मधल्या क्षणात हात हलला तर गोळी गेली. एकदाच बार भरायचा, म्हणून नेम पक्का नसेल तर मी बंदूक खाली करते. यंदा बहुतेक वेळा खालीच केली आणि मला त्याचं समाधान आहे.

इथे पूर्वी बंदुकीचा मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा, शाळांना सुट्टी असायची. 2019 पासून तो शनिवारी उघडतो. म्हातारे शिकारी अजून हळहळतात, कारण रविवारचा दिवस रानातल्या खोलीवर जाऊन चुली पेटवण्यात आणि पत्ते खेळण्यात जायचा. मला मात्र शनिवार बरा वाटतो. कामावर जाणाऱ्या बायकांना सोमवारची रजा मिळवणं सोपं नसतं, आणि मोसम फक्त रजा मिळणाऱ्या पुरुषांचा राहू नये.

मिळालेलं आम्ही सगळं ठेवत नाही. राज्यात 1991 पासून हरणाचं मांस अन्नछत्रांना पोहोचवणारी व्यवस्था आहे. ठरलेल्या खाटकाकडे जनावर द्यायचं, खिमा करून ते पुढे जातं. उरलेल्याचं मी मालवणी मसाल्यात सुकं करते. एक सांगते, हरणाची चरबी सगळी काढून टाका. ती टाळूला मेणासारखी चिकटते. मग हवं तर तेल जास्त घाला.

केरव्हिलजवळ, टेक्सस

मी चंद्रपूरचा. लहानपणी ताडोबात चितळाची 'अलार्म' हाक आली की जिप्सी थांबायची आणि सगळे श्वास रोखायचे. वाघ जवळपास असणार.

इथे हिल कंट्री म्हणतात त्या डोंगराळ भागात चितळ आहेत. खरेखुरे, आपलेच. 1932 मध्ये भारतातल्या या हरणाला टेक्ससमध्ये आणलं आणि कुंपणांतून सुटून ते नदीकाठांवर पसरलं. पांढऱ्या शेपटीच्या देशी हरणाचा मोसम जानेवारीत संपतो, पण चितळाला परदेशी म्हणून मोसमच नाही. बारा महिने मारता येतं. त्यांच्यात माजाचाही एक काळ नसतो, शिंगांवर अजून मखमली कातडं असलेला नर आणि शिंगं साफ झालेला नर एकाच दिवशी दिसतात.

मी मारतो. कारण इथे वाघ नाही, रानकुत्रे नाहीत, आणि नदीकाठची झाडी ते खाऊन साफ करतात, देशी हरणाला काही उरत नाही. मालकाने बोलावलं की जातो. पण जानेवारीत देशी हरणाचा शेवटचा दिवस उलटला की बंदूक कपाटात ठेवून स्वस्थ बसावं असं मला आतून वाटतं, आणि फेब्रुवारीत पुन्हा फोन येतो. मग पहाटे झुडपांतून तीच हाक येते. माझे हात अजून थांबतात. हाक माझ्यासाठी असते.

कर्जत, नगर जिल्हा

मी कधी बंदूक हातात धरली नाही. आजोबा धरायचे. आमच्याकडे हरीण म्हणजे काळवीट, माळरानावर कळपाने असायचे. आजोबांच्या तोंडी '72' आलं की आम्हाला वाटायचं आता दुष्काळ: खडी फोडायची कामं, सुकडी, मिलो. पण त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. आजोबांचा मोसम त्या वर्षी संपला तो कायमचाच. त्याबद्दल त्यांनी तक्रार केलेली मी ऐकली नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मोटारीतून दिवे मारून मारणारे शहरातले लोक आले आणि माळ रिकामा झाला, त्यात कायदा उशिराच आला. 1980 मध्ये रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य झालं. म्हातारपणी ते मला सायकलवर पुढे बसवून कुंपणापर्यंत न्यायचे आणि कळप मोजायचे. मोठा नर कोणता, कोणता दुसऱ्याला हुसकावतोय, माद्या कोणत्या बाजूला उभ्या आहेत, वारा कुठून आहे, सगळं शिकाऱ्याच्या नजरेनं.

तुमच्याकडे मोसम दर वर्षी संपतो आणि पुन्हा येतो, हे वाचून त्यांची आठवण झाली.

इन्व्हर्नेस, स्कॉटलंड

थोडक्यात लिहिते, ड्युटीवर आहे. इथे तांबड्या हरणाच्या नरांची शिकार 20 ऑक्टोबरला थांबायची आणि 21 ला माद्यांची सुरू व्हायची, ती 15 फेब्रुवारीपर्यंत. हरणं फार झाली, नवी झाडं वर येऊ देत नाहीत म्हणून 2023 मध्ये नरांची बंदी उठवली. आता नर वर्षभर मारता येतात. ज्या वाटाड्याबरोबर मी डोंगर चढते तो अजूनही 20 ऑक्टोबरला थांबतो. माजावर येऊन आठवडे न खाता झुंजलेल्या नराला हिवाळ्याआधी सावरू द्यावं, असं तो म्हणतो. माद्यांच्या कामाला मात्र तो भर पावसात, गारठ्यात निघतो, कारण संख्या कमी होते ती तिथेच. मला त्याचं दोन्ही पटतं.

यवतमाळ जिल्हा

दादा, सगळ्यांचं वाचलं. चांगलं लिहिता. आमच्याकडे मात्र मोसम न काही. रोही (नीलगाय), रानडुक्कर, हरणं रोज रात्री वावरात. पेरणीपासून हरभरा घरात येईपर्यंत जागल. माझा बाप जागलीले जायचा, आता मी जातो. मचाणावर टॉर्च, फटाके, पत्र्याचा डबा. थंडीत झोप लागली की सकाळी तुरीचा निम्मा पट्टा गेलेला. भरपाईचा अर्ज करा, पंचनाम्याची वाट पाहा, मिळते ती रक्कम बियाण्यालेही पुरत नाही. हरणाबद्दल मले राग नाही, त्यालेही पोट आहे. विचारायचं एवढंच, तिकडे हरणानं मका खाल्ला तर शेतकऱ्याचं कोण भरते?

(आमंत्रण देणारा, विस्कॉन्सिन)

भाऊ, प्रश्न फार बरोबर विचारलात. इथे शिकारीच्या परवान्यावर थोडा जादा आकार असतो, त्यातून पिकाच्या नुकसानीची भरपाई आणि कुंपणाची मदत होते. अट अशी की ज्या शेतकऱ्याला भरपाई हवी त्याने आपल्या जमिनीवर शिकाऱ्यांना येऊ द्यायचं. त्यामुळे शिकारी आणि शेतकरी एकमेकांना ओळखतात. शिवाय 1937 च्या एका केंद्रीय कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. भरपाई पूर्ण पडते असं इथलेही शेतकरी म्हणत नाहीत, पण पैसा कुठून येतो आणि कोणाकडे जातो हे त्यांना माहीत असतं. तुमच्या जागलीबद्दल सविस्तर लिहाल का? इथल्या कोणालाही त्याची कल्पना नाही.

हेवर्ड परिसर, उत्तर विस्कॉन्सिन

मी शिकारीच्या ज्या कॅम्पवर जातो ते लाकडी घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं आहे. शेवटच्या दिवशीची कामं ठरलेली: पंप बंद करून नळातलं सगळं पाणी काढायचं, नाहीतर जानेवारीत पाइप फुटतात. उंदरांपासून गाद्या टांगून ठेवायच्या. आणि वहीत लिहायचं. त्या वहीत प्रत्येक मोसमाचं पान आहे: बर्फ किती, वारा कुठला, कोण आलं, कोण या वर्षी नाही.

1943 चं पान मला दरवर्षी वाचावंसं वाटतं. तेव्हा उत्तरेकडे हरणं इतकी वाढली होती की हिवाळ्यात देवदाराच्या दलदलीत कळपच्या कळप उपाशी मरत. आल्डो लिओपोल्ड तेव्हा मॅडिसनच्या विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवत होते आणि राज्याच्या संवर्धन आयोगावर होते. माद्या मारल्याशिवाय रान वाचणार नाही असं त्यांनी ठामपणे मांडलं. त्या वर्षी आधी नरांचे दिवस आणि मग माद्या-पाडसांचे दिवस असा मोसम झाला, सव्वा लाखावर हरणं पडली. लोक खवळले. ''43 चा गुन्हा' असं त्याला नाव पडलं. वहीत सासऱ्यांच्या वडिलांनी त्या पानावर फक्त लिहिलंय: 'मादी मारणार नाही.' त्याखाली कित्येक वर्षांनंतरच्या शाईत, त्याच अक्षरात: 'दलदलीत पाला उरला नाही. ते बरोबर होते.'

सासरे आता काठी घेऊन चालतात. यंदा ते खिडकीपाशी बसून होते आणि आम्ही कोणत्या वाटेने गेलो ते बंदुकीच्या आवाजावरून सांगत होते. परतताना त्यांनी वही माझ्याकडे दिली, यंदाचं पान तूच लिही म्हणाले. पहिली ओळ मराठीत लिहू का विचारलं. म्हणाले, लिही, पण वारा कुठला होता ते आम्हाला कळेल असं लिही.

मिनियापोलिस

सगळ्यांना नमस्कार. मी एच-1बी व्हिसावर आहे. ऑफिसातले एक काका पुढच्या वर्षी बरोबर ये म्हणतात. आपल्याला बंदूक हातात घेता येते का? आणि आधी काय शिकू?

(आमंत्रण देणारा, विस्कॉन्सिन)

एरवी अशा व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, पण वैध शिकारीचा परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. तरी आपल्या कागदपत्रांपुरतं वकिलाला विचारूनच पुढे जा, परवान्याची मुदत संपते तेव्हा काय, हेही विचारा. सुरक्षिततेचा वर्ग करावाच लागेल. विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो सक्तीचा आहे, तुमच्या राज्याचे नियम त्यांच्या पुस्तिकेत पाहा. वर्ग उन्हाळ्यात भरतात आणि ऑगस्टपर्यंत भरून जातात, तेव्हा मे महिन्यातच नाव घाला.

त्याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, काकांबरोबर गळालेली शिंगं शोधायला जा. नर दरवर्षी शिंगं टाकतात. बंदूक लागत नाही, आणि हरणं कुठे झोपतात, कोणत्या वाटेने पाण्यावर जातात हे त्या चालण्यात जितकं कळतं तितकं मोसमात मचाणावर बसून कळत नाही. बर्फाचे बूट चांगले घ्या.