मदत हवी आहे: कलम १०० चा सराव-प्रसंग तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी,

नव्या शिपायांना मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. हाती पडलेल्या नोट्स मात्र १९८७ च्या कायद्यावरच्या. त्यात मनोरुग्णाला ताब्यात घेतल्यावर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करा, असं आहे. नव्या कायद्यातही २४ तासच आहेत, पण ते जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेण्यासाठी. आणि लॉकअपमध्ये तर कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. आकडा तोच राहिल्यामुळे जुनेजाणतेही इथे घोळ घालतात.

पोरं कलम घडाघडा म्हणतात, अडतात प्रसंगात. म्हणून एक प्रसंग रचलाय. रात्री ११२ वर कॉल. तरुण घरात, हातात सुरी. आई जिन्यात उभी: "झोपत नाही साहेब, गोळ्या बंद केल्यात त्यानं." गुन्हा काही घडलेला नाही.

कलम १०० म्हणजे पोलिसांनी मनोरुग्णाला संरक्षणात घेण्याचं; बेवारस फिरणाऱ्याबद्दल ते स्पष्ट आहे. घरातल्या माणसाचं काय? 'स्वतःला किंवा इतरांना धोका' या भागात जागेची अट दिसत नाही. कलम १०१ खाजगी घरातल्या छळ-दुर्लक्षाचं, तिथे मॅजिस्ट्रेटना कळवायचं असतं. म्हणून मी इथे १०० धरलंय. बरोबर आहे ना?

दुसरं, कर्तव्य ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं, दारात मात्र बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचा शिपाई. स्टेशन डायरीत नोंद कशी घ्यायला शिकवता?

आणि खरी गोची: ड्युटीवरचे डॉक्टर "कोर्टाची ऑर्डर आणा" म्हणाले तर शिपायानं काय बोलावं? हे कुणीच शिकवत नाही.

---

प्रतिसाद

सर, १०० च. नोंदीत साहेबांना फोन कधी केला आणि त्यांनी काय सांगितलं, दोन्ही वेळेसकट येऊ द्या. डॉक्टरांशी हुज्जत नको. याच कलमात तपासणीची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर टाकलीय, तेवढं शांतपणे दाखवायचं. तातडीच्या उपचाराचं कलम ९४ वेगळं आहे, त्यासाठीही कोर्ट लागत नाही.

प्रसंगात दोन गोष्टी घाला. संरक्षणात का घेतोय हे आईला सांगून भागत नाही, आधी त्या तरुणाला सांगायचं. त्याला समजणं अवघड असेल तरच नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे कायद्यानुसार त्याच्या वतीनं नेमलेल्या माणसाला. आणि दाखल करायची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले, तर घरी पोहोचवायचं कामही आपलंच. तुमच्या प्रसंगातली आई तेव्हा दार उघडेल का, हे पोरांना विचारा.