'अ शॉर्ट आल्बम अबाउट लव्ह': नाटकी म्हणजे खोटं का?

रात्रपाळी
द डिव्हाइन कॉमेडी या बँडचा हा १९९७ चा आल्बम परवा पुन्हा लावला. सात गाणी, जेमतेम अर्धा तास, मागे अख्खा ऑर्केस्ट्रा. बँडचा गायक नील हॅनन, त्याच्यावर जुना आक्षेप असा की गडी हुशार आहे, पण प्रेमाची गाणी एक भुवई वर करून गातो. मला हे पटत नाही. 'इफ...' घ्या. तू घोडा असतीस तर तुझा तबेला साफ केला असता, तेही कुरकुर न करता, अशी ओळ तो व्हायोलिनच्या लाटांवर गातो. आधी हसू येतं. मग जाणवतं की हा थांबतच नाहीये, आणि हसू जरा अवघडतं.

बेसूर
थांबत नाही हेच तर दुखणं आहे! विनोद दुसऱ्या कडव्यातच कळतो, पुढे नुसती यादी. नाव पोलिश दिग्दर्शक किश्लोव्हस्कीच्या १९८८ च्या 'अ शॉर्ट फिल्म अबाउट लव्ह' या सिनेमावर बेतलेलं, गळा गायक स्कॉट वॉकरच्या १९६७-६९ च्या रेकॉर्डींवर पोसलेला. यातलं 'समवन' ऐका. वॉकर ऐकताना काटा येतो. इथे काटा कुठे यावा ते आधीच आखून ठेवलंय.

रात्रपाळी
वॉकरचं ऋण उघडच आहे, नाकारतंय कोण? पण रेकॉर्डिंग कसं झालं ते बघा. ऑक्टोबर १९९६, लंडनचं शेफर्ड्स बुश एम्पायर. रात्री कार्यक्रम, आणि त्याच दुपारी साउंडचेकच्या वेळी ब्रुनेल आन्सांबल या ऑर्केस्ट्राबरोबर ही गाणी टिपली. समोर ना प्रेक्षक, ना वन्समोअर. रिकाम्या खुर्च्यांपुढे एवढा जीव तोडून गाणारा माणूस कुणाला दाखवायला सोंग करतोय?

तिसरी_घंटा
अहो, तालमीतही नट नाटकच करतो की :) रिकाम्या खुर्च्यांनी काही सिद्ध होत नाही. मला यातलं 'टाइमवॉचिंग' सगळ्यात भिडतं. ते त्यांच्याच १९९३ च्या 'लिबरेशन' आल्बममधलं, म्हणजे जुनंच. तिथे तो चुटके सोडत नाही, म्हणून भिडतं. यावरून काय ते समजा.

रात्रपाळी
पण त्याच्या लगेच आधी काय आहे? 'इफ आय वर यू'. तुझ्या जागी मी असतो तर मला केव्हाच सोडून दिलं असतं, असं प्रेयसीला सांगणारं गाणं. आदल्याच वर्षी 'कॅसानोव्हा' आल्बमात मिशीला पीळ देत फिरणारा हाच इसम. त्या थाटामागची भीती ऐकू येण्यासाठी आधी थाट लागतोच. साध्या गिटारवर हेच गाणं नुसतं रडगाणं झालं असतं.

बेसूर
हं. हे गाणं परत ऐकलं आत्ता. त्यात दम आहे, मान्य. पण मग शेवटचं गाणं 'आयॅम ऑल यू नीड' कशाला? दोन गाण्यांपूर्वी 'मला सोड' म्हणणारा आता म्हणतो तुला फक्त मीच पुरे!

तिसरी_घंटा
प्रेमात पडलेली माणसं भेटली नाहीत का कधी तुम्हाला?

बेसूर
भेटलीत. त्यांच्यामागे ऑर्केस्ट्रा नव्हता, एवढंच. 'समवन' अजूनही पटलेलं नाही.